टाक्याचे पैसे

पावसाळ्यात आंबोली घाट चढताना मागचं दिसणं ही चैन नाही. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो इथे. जून ते सप्टेंबर ढग रस्त्यावरच मुक्कामाला असतात. गाडीत चार माणसं, दोन ओल्या छत्र्या, मागून हेडलाइट न लावता येणारा एखादा टेम्पो, आणि मागची काच पांढरीफटक. पुढच्या काचेला निदान एसीची कोरडी हवा मिळते, मागच्या काचेकडे कोण बघतो? तिच्यासाठी त्या आडव्या तांबूस रेघा असतात. डिफॉगर. बटण दाबलं की चार-पाच मिनिटांत काच रेघेरेघेने मोकळी होत जाते.

आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडचा निदेशक म्हणून माझी हयात गेली. सावंतवाडीत राहतो, मुलगी बेळगावला असते, त्यामुळे आंबोली-चंदगड-शिनोळी हा रस्ता माझ्या पायाखालचा. गाडी 2007 सालची हॅचबॅक. पंधरा वर्षं झाल्यावर पासिंग करून, ग्रीन टॅक्स भरून पुन्हा रस्त्यावर ठेवलेली. इंजिन कुरकुर करत नाही, पत्रा कोकणातल्या हवेच्या मानाने बरा आहे. गेल्या पावसाळ्यात तिचा डिफॉगर बंद पडला. एखादी रेघ नव्हे, सगळ्या एकदम. सगळ्या रेघा एकदम गेल्या की माझ्यासारख्या माणसाला बरं वाटतं, कारण मग दोष एकाच ठिकाणी असतो.

तो होता तसाच. काचेच्या डाव्या कडेला वायर जोडायची जी नखाएवढी तांब्याची पट्टी असते, ती काचेवरून सुटून वायरीला लोंबत होती.

ही पट्टी सुटणं हे जुन्या गाड्यांचं फार नेहमीचं दुखणं आहे. डिक्कीत तांदळाचं पोतं कोंबताना धक्का बसतो, आंब्याच्या पेट्या काचेला टेकतात, कोणीतरी सफाई करताना वायर ओढतो. कधी काहीच होत नाही, वर्षानुवर्षांच्या तापण्या-निवण्याने टाका आपोआप सैल होतो. तेव्हा दुरुस्ती कशाची करायची हे उघड आहे असं मला वाटलं होतं. पण शहरातल्या एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नेली, तिथल्या तरुणाने डिक्की उघडली, पट्टी बघितली आणि टॅबवर बोट फिरवत एस्टिमेट काढलं. मागची काच, सीलंट, लेबर, कर. नऊ हजार चारशे रुपये. काच स्टॉकमध्ये नाही, मागवावी लागेल, मॉडेल जुनं आहे.

"काच शाबूत आहे," मी म्हटलं. "पट्टी तेवढी मिळेल का?"

"तो पार्ट वेगळा येत नाही काका. काचेबरोबरच येतो."

"मग हीच परत सोल्डर करून द्या."

"ते आमच्याकडे करत नाहीत."

मग त्याचा आवाज जरा खाली आला. मुलगा मनाने चांगला होता, मला मदतच करायची होती त्याला. म्हणाला, "एक काम करा काका. काच कुठेतरी ठोकून आणा. फुटली की क्लेममध्ये बसवून देतो. तुम्हाला फारसं काही पडणार नाही."

हा सल्ला मला त्या नऊ हजारांपेक्षा जास्त बोचला, आणि त्यातला व्यवहार समजून घ्यावा म्हणून मी पॉलिसीचं पुस्तक काढून बसलो. आपल्याकडच्या मोटार विम्यात रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांवर पन्नास टक्के घसारा कापतात. काचेवर घसारा शून्य. म्हणजे जुन्या गाडीची काच फुटली तरी नव्या काचेची किंमत जवळपास पूर्ण मिळते. पण विजेचा किंवा यंत्राचा बिघाड पॉलिसीत बसत नाही. सुटलेली पट्टी हा बिघाड, फुटलेली काच हा अपघात. चांगल्या काचेला एक पैसा मिळणार नाही आणि तीच काच दगड मारून फोडली की हजारो मिळतील! खोटा क्लेम हा गुन्हा आहे, आणि त्यापायी नो क्लेम बोनस जातो तो वेगळाच. तरीही हा सल्ला इतक्या सहज दिला जातो, कारण त्या यंत्रणेत 'दुरुस्ती' नावाचा रकानाच नाही. संगणकात पार्ट नंबर असतो. पट्टीला नंबर नाही, म्हणून पट्टी अस्तित्वातच नाही.

आता ती काच म्हणजे काय हेही जरा बघू. चांदीची भुकटी आणि काचेची बारीक पूड यांचं मिश्रण सपाट काचेवर रेघांच्या रूपात छापतात. मग काच भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापवून गाडीच्या आकारात वाकवतात आणि जोरदार वाऱ्याने एकदम गार करतात. त्यामुळे ती कणखर होते आणि फुटलीच तर धारदार तुकडे न होता खडीसाखरेसारखे बोथट दाणे पडतात. त्याच भट्टीत चांदी काचेला कायमची चिकटते. अशी काच मग कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. आमच्या भागातला भंगारवाला तर ती फुकटही नेत नाही. इतका जाळ आणि चांदी खर्चून बनलेली वस्तू आपण नखाएवढ्या पट्टीसाठी उकिरड्यावर टाकायला निघालो आहोत.

गाडी मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे नेली. हायवेला त्याचं पत्र्याच्या शेडमधलं वायरिंगचं दुकान आहे. दोन बॅटरी चार्जर, भिंतीवर जुन्या अल्टरनेटरांची माळ. त्याने बघितलं आणि म्हणाला, "काय मोठा नाय सर ता, टाको बसलो की झाला."

पण टाका बसवण्याआधी त्याने मीटर काढला, आणि मला बरं वाटलं. लोंबणाऱ्या वायरीच्या टोकाला बारा व्होल्ट येतात का, दुसऱ्या बाजूचं अर्थिंग धड आहे का, हे आधी बघायचं असतं. हॅचबॅकमध्ये बिजागरीजवळ वायरी एका रबरी नळीतून डिक्कीच्या दारात जातात. दार उघडून मिटून त्या आतल्या आत तुटतात, बाहेरून रबर ठणठणीत दिसतं. अशा वेळी काच बदलली तरी डिफॉगर चालत नाही आणि गिऱ्हाइकाला फ्यूज, रिले, स्विच अशा आणखी तीन वस्तू विकल्या जातात. आमच्या वायरीत पुरवठा नीट येत होता.

इथे थोडं गणित सांगतो, माफ करा, सवय जात नाही. असा डिफॉगर बारा-पंधरा अँपिअर ओढतो. म्हणजे साधारण दीडशे ते पावणेदोनशे वॅट, हॅलोजनचे दोन्ही हेडलाइट मिळून घेतात त्याहून जास्त. हा सगळा प्रवाह त्या एका नखाएवढ्या जागेतून जातो. जोड कच्चा राहिला, त्यात नुसता पाव ओहम विरोध उरला, तरी बारा अँपिअरला तिथे छत्तीस वॅट उष्णता होते. एका ठिपक्यात छत्तीस वॅट म्हणजे जवळजवळ एक सोल्डरिंग आयर्नच झाला. जोड स्वतःलाच वितळवतो. म्हणून चिकटपट्टीने दाबून ठेवलेली वायर दोन दिवस चालते आणि मग काच तिथे काळी पडते. इन्स्टंट ग्लूने पट्टी छान चिकटते, पण त्यातून वीज जात नाही. एम-सीलचंही तेच.

चांदी मिसळलेला दोन भागांचा इपॉक्सी मिळतो, त्यातून वीज जाते. एक दिवस न हलवता ठेवला तर तो चांगला काम देतो, आणि ज्याचा हात सोल्डरवर बसलेला नाही त्याने तोच वापरावा. आम्ही टाकाच मारायचा ठरवला. त्यात एक खोच आहे, जी पुष्कळ जाणत्या मेकॅनिकांनाही ठाऊक नसते. रेडिओवाले वापरतात ती साठ-चाळीसची कथील-शिशाची तार इथे चालत नाही. वितळलेलं कथील चांदी खातं. टाका झकास चमकतो, पण त्याच्या पोटात काचेवरचा चांदीचा थर विरघळून जातो, आणि पट्टी टाक्यासकट निघून हातात येते. खाली नुसती काच उरते, आणि मग खरंच काच बदलावी लागते. ते टळावं म्हणून आधीच दोन टक्के चांदी असलेली तार घ्यायची, बासष्ट-छत्तीस-दोन. कथील आधीच चांदीने भरलेलं असलं की काचेवरच्या चांदीला तोंड लावत नाही. ही तार मी बेळगावातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून आणून ठेवली होती.

मग त्याचं काम मी शेजारी उभा राहून बघितलं. चांदीचा पट्टा काळवंडला होता. तो ब्लेडने खरवडायचा मोह होतो, त्याने तसं केलं नाही. शाळेतल्या पोराचं खोडरबर घेऊन हलक्या हाताने घासलं, तसा पट्टा पांढरा झाला. वर स्पिरिटचा बोळा फिरवला. पट्टीला आधीच बाजूला धरून सोल्डरचा पातळ हात दिला. बाहेर रिपरिप होती आणि काच गार होती, म्हणून बायकोचा हेअर ड्रायर मागवून काच कोमट करून घेतली. गार काचेवर एकदम तापलेलं बिट टेकवणं म्हणजे विषाची परीक्षा. पट्ट्यावर फ्लक्सचा थेंब, त्यावर पट्टी, वर साठ वॅटच्या आयर्नचं चपटं बिट. दोन-तीन सेकंद. पट्टीच्या कडेने सोल्डर पाण्यासारखं झिरपलेलं दिसलं, आणि त्याने बिट उचललं. त्याहून जास्त वेळ धरलं असतं तर चांदी काचेवरून पापुद्र्यासारखी उचलली गेली असती. टाका गोठेपर्यंत त्याने श्वासही घेतला नसावा. शेवटी वायरीला थोडा झोल देऊन ती ट्रिमला क्लिपने बांधली, म्हणजे पुढे कोणी ओढली तरी ताण टाक्यावर येणार नाही. आणि मला दटावल्यासारखं सांगितलं, कनेक्टर काढायची वेळ आली तर आधी पट्टी पक्कडीने धरायची, मग कनेक्टर ओढायचा.

बटण दाबलं. रेघा तापल्या, फक्त वरून तिसरी सोडून. मीटरची एक पिन अर्थला, दुसरी अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून रेघेवर फिरवली. चांगल्या रेघेच्या मध्यावर सहा व्होल्टच्या आसपास दिसतात. तिसरीवर बऱ्याच अंतरापर्यंत बारा आणि पुढे अचानक शून्य. जिथे बारा संपले तिथेच तुटलेली. हे दुखणं मला ओळखीचं होतं. 27 एप्रिल 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गाड्यांच्या काचांवरच्या काळ्या फिल्मांवर बंदी आणली. ती 4 मेपासून लागू झाली आणि चौकाचौकांत फिल्म उतरवायची मोहीम सुरू झाली. निर्णयाबद्दल माझी तक्रार नाही. पण मागच्या काचेवरची फिल्म आतून, नेमकी या रेघांवर चिकटवलेली असते. दुकानांत पोरांनी ती ब्लेडने खरवडली, आणि त्या उन्हाळ्यात या देशात किती डिफॉगर मेले याची कोणी मोजदाद केली नाही. उन्हाळा होता, त्यामुळे कोणाला पत्ताही लागला नाही.

काम झाल्यावर पैसे विचारले. म्हणाला, "दीडशे द्या सर."

माझं म्हणणं या दीडशे रुपयांबद्दल आहे.

नऊ हजार चारशे आणि दीडशे. पहिल्या आकड्यात कौशल्य जवळजवळ नाही. जुनी काच कापून काढा, नवी चिकटवा. दुसऱ्या आकड्यात निदान आहे, धातूंचं ज्ञान आहे, हाताचा ठेहराव आहे. तरी तो माणूस स्वतःहून दीडशेच मागतो. का? कारण आपण, गिऱ्हाइकं, वस्तूचे पैसे निमूट देतो आणि हाताचे देताना घासाघीस करतो. खोका दिसला, त्यावर होलोग्राम दिसला की आपलं पाकीट उघडतं. 'नुसतं सोल्डर तर मारलं' हे वाक्य मी चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांच्या तोंडून ऐकलं आहे. डॉक्टरला आपण 'नुसतं तपासलं तर' असं म्हणत नाही. मग तो मेकॅनिक काय करणार? त्यालाही पोट आहे. तोही वस्तू विकायला शिकतो. माझ्या हाताखालून गेलेली कितीतरी पोरं आज मोठ्या वर्कशॉपांत चकचकीत गणवेशात पार्ट बदलत असतात. त्यांच्या हातांना टाका येत होता, मी त्यांच्याकडून घटवून घेतला होता. तिथे तो कोणी मागत नाही, आणि न मागितलेला हात गंजतो.

सर्व्हिस सेंटरचीही बाजू आहे, ती झाकत नाही. सोल्डर मारताना काच तडकली तर कोणी भरून द्यायची? दुरुस्तीची वॉरंटी कोण घेणार? नव्या काचेमागे कंपनी उभी असते, टाक्यामागे फक्त कारागीर. ही भीती खरी आहे. पण त्यावर उपाय सोपा आहे. धोका गिऱ्हाइकाला समजावून सांगा आणि सही घ्या. ऑपरेशनआधी घेतात ना? दुरुस्तीचा पर्यायच न सांगणं, आणि वर काच फोडून आणायला सुचवणं, हा काही त्या भीतीवरचा इलाज झाला नाही.

कायद्याच्या अंगाने आपण अगदीच हात बांधून बसलेलो नाही. स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि तपासणीची उपकरणं बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, हा ठपका होता. भाग खुल्या बाजारात द्या, बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असं आयोगाने बजावलं. प्रकरण पुढे कोर्टात गेलं, जायचंच होतं. जुलै 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि मोटारी अशी चार क्षेत्रं तिने घेतली, आणि त्याच डिसेंबरात पोर्टलही आलं. चांगलं आहे. पण या सगळ्या चर्चेत 'सुटा भाग' म्हणजे अजूनही खोक्यातली अख्खी वस्तू. माझी मागणी त्याच्या खालच्या पायरीवरची आहे. पट्टी, पिन, कनेक्टर, बिजागरीजवळचा वायरींचा तुकडा, हे सुटे विका आणि त्यांना नंबर द्या. विमा कंपन्यांनी काचेच्या जोडणीची दुरुस्ती एका छोट्या मर्यादेपर्यंत बोनस न कापता मान्य करावी. काच फोडून आणण्याचा सल्ला मग कोणाला परवडणार नाही. आणि एस्टिमेटच्या कागदावर 'दुरुस्ती शक्य आहे का' हा रकाना सक्तीचा करावा, 'नाही' लिहिलं तर त्याखाली कारण लिहायला लावावं.

जुन्या गाड्या भंगारात काढायचं धोरण 2021 मध्ये आलं, आणि खरोखर धूर ओकणाऱ्या गाड्या गेल्याच पाहिजेत. पण माझ्या गाडीसारख्या पुष्कळ गाड्या इंजिनामुळे भंगारात जाणार नाहीत. काच उठत नाही, मागचं दिसत नाही, पार्ट मिळत नाही, असल्या किरकोळ कारणांनी वैतागून माणूस गाडी काढतो. आणि नवी घ्यायला गेला तर छपराला सनरूफ दाखवतात, डिफॉगर मात्र वरच्या व्हेरिएंटमध्ये. आंबोलीत सनरूफ घेऊन मी काय करू?

मी त्या विद्यार्थ्याला पाचशे रुपये दिले. तो घेईना. मग मी माझा जुना निदेशकाचा आवाज काढला, तेव्हा घेतले. शिवाय सांगितलं, दुकानाबाहेर बोर्ड लाव. 'मागच्या काचेचा डिफॉगर दुरुस्त करून मिळेल, रु. 500. काच तडकल्यास जबाबदारी गाडीमालकाची.' त्याने लाजत लाजत लावला. दिवाळीच्या सुमारास गेलो तेव्हा विचारलं, कोणी आलं का? आले होते, म्हणाला, दोन-तीन जण. पहिलाच एक मोठी एसयूव्ही घेऊन आला. कंपनीने त्याला काचेचे चोवीस हजार सांगितले होते. याने वीस मिनिटांत टाका मारून दिला.

"मग? दिले ना पाचशे?"

"तीनशे दिल्यान, सर. म्हणालो, सोल्डराचे कसले पाचशे?"